दहा कोरचा वाटा

दीपेशला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं त्याच्या गावात कुणीही सांगितलं असतं. बाकी कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडून काढायचीही सोय नव्हती. नवीन पनवेलच्या एका मोठ्या शोरूममध्ये तो लॅपटॉप विकायचा. गळ्यात निळी फीत, खिशावर नावाची पट्टी, पायात रोज पॉलिश केलेले बूट. गावात कुणाचा मोबाईल अडकला, कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, की आधी दीपेशला हाक जायची. त्याच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा त्याच्या आईने, हौसाने, एकच वाक्य तयार ठेवलं होतं, "पोरगा कॉम्प्युटरमदला हाय." त्या वाक्यावरच खाडीपलीकडच्या गावातल्या कमळाकरचं घर राजी झालं आणि त्याच्या मुलीशी, हेतलशी, दीपेशचा साखरपुडा झाला.

आता खरं सांगायचं तर दीपेशला जे येत होतं ते पाठ केलेलं होतं. दर महिन्याला कंपनीचा एक माणूस यायचा, सगळ्या विक्रेत्यांना एसीत बसवून समोसे खिलवायचा आणि सांगायचा, "गिऱ्हाईक तीनच आकडे लक्षात ठेवतं. दहा कोर, चौदा तास बॅटरी, दुप्पट वेग. चौथं काही बोलू नका." कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे हात, एवढं त्याने समजावलं होतं. जितके हात जास्त तितकं काम जास्त, हे दीपेशला इतकं पटलं की त्याने पुढे काही विचारलंच नाही. खोटं बोलणारा विक्रेता एक वेळ परवडतो, आपण खोटं बोलतोय एवढं तरी त्याला माहीत असतं. दीपेश अगदी मनापासून बोलायचा, म्हणून त्याचा माल सगळ्यांत जास्त खपायचा.

साखरपुड्यानंतर तीन आठवड्यांनी हेतल शोरूममध्ये आली. खारघरच्या कॉलेजात शिकताना तिने व्हिडिओ एडिटिंगचा क्लास केला होता आणि आता ती आजूबाजूच्या गावांतल्या हळदी-लग्नांचे व्हिडिओ करून द्यायची. चुलत भावाचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता, नवा घ्यायचा होता. पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढला. त्यावर बारीक अक्षरात काहीबाही लिहून आणलं होतं.

"मला हा बघायचाय," एका काळ्या, जाडजूड लॅपटॉपवर बोट ठेवून ती म्हणाली.

"हा? हा अडीच किलोचा धोंडा घेऊन तू लग्नालग्नांतून फिरणार?"

"पण याच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एच आहे. मी वाचलं, की जड कामासाठी एचवाला घ्यावा. तुम्ही दाखवताय त्याच्याशेवटी यू आहे."

तिला आपलं ज्ञान आणि आपलं प्रेम एकदम दाखवायची ही संधी आहे असं दीपेशला वाटलं, आणि माणूस अशाच वेळी माती खातो. आपण दाखवत होता तो सपाट, चंदेरी लॅपटॉप त्याने एका हाताने उचलून तिच्यापुढे धरला. "अगं, अक्षरं काय बघतेस? त्या काळ्यात सहा कोर, ह्याच्यात दहा. सहा जास्त का दहा?"

हेतलने कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो इतका आनंदात होता की तिने कागदाची घडी घालून तो परत पर्समध्ये ठेवला. "तुम्हाला जास्त कळतं," ती म्हणाली. त्या दिवशी दीपेशने शोरूममधल्या सगळ्यांना पेढे वाटले.

दोन महिने गेले. आधी हेतलचे फोन लांबायचे, मग आखूड झाले. काय चाललंय विचारलं की ती म्हणायची, "एक्सपोर्टला लावलंय." जोडकाम पूर्ण झालेला व्हिडिओ मशीनमधून बाहेर काढायचा म्हणजे एक्सपोर्ट, एवढं दीपेशला ठाऊक होतं. सकाळी विचारावं तर एक्सपोर्ट, संध्याकाळी विचारावं तरी एक्सपोर्ट. कामं बरीच येत असतील, असं त्याला वाटलं आणि बरंही वाटलं.

एका रविवारी हौसाने जावईपण साजरं करायला म्हणून एक चांगला जिताडा बांधून दिला आणि दीपेशला सासुरवाडीला पाठवलं. कमळाकरने "या, या जावई" करून बसवलं. हेतलची आजी जनी गावोगाव लग्नांत धवले गायची, त्या धवलारणीचा आवाज अजून खणखणीत होता. तिने मासा उलटापालटा करून पाहिला आणि मान डोलावली. हेतल आतल्या खोलीत होती. दीपेश आत गेला आणि दारातच थबकला.

चंदेरी लॅपटॉप दोन पाटांवर तरंगता ठेवला होता, खालून हवा जावी म्हणून. समोरून टेबलफॅन घरघरत होता. शेजारी ओल्या रुमालाची घडी होती. त्या सगळ्या थाटात तो लॅपटॉप तापाने फणफणलेल्या पोरासारखा दिसत होता.

"दोन-तीन मिनिटं पळतो," हेतल हळू आवाजात म्हणाली, "मग बसतो. एक गाणं बाहेर काढायला पाऊण तास. मध्येच बंद पडलं की पहिल्यापासून."

"व्हायरस असेल."

"नाही. माझंच चुकत असणार. क्लासमधल्या बाकीच्यांचं होतं की." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "दोन लग्नांचे व्हिडिओ उशिरा गेले. एका बाईने तर लोकांसमोर सुनावलं. आधी वाटायचं, जुन्या कॉम्प्युटरमुळे होतंय. आता तुम्ही एवढं चांगलं मशीन दिलंत, त्याच्यावरही होत नाही म्हणजे मलाच जमत नाही. बाबांनी तळोज्याच्या एका कंपनीत बोलून ठेवलंय, ऑफिसात एन्ट्री करायचं काम. पुढच्या सोमवारपासून जाईन म्हणते."

हे सगळं तिने रडत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते भाजी काय आणायची ते सांगावं तसं सांगितलं. म्हणजे स्वतःशी तिचं बोलून झालं होतं.

दीपेशच्या मनात तेव्हाच काहीतरी टोचलं. तो काळा धोंडा त्याच्या डोळ्यांसमोर आला. पण तो काय म्हणाला? "अपडेट मारून बघू." त्याने अपडेट मारला, तिच्याकडून एका गाण्याच्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घेतल्या, "बघतो मी" म्हणाला, बाहेर येऊन कमळाकरच्या हातचा पेढा खाल्ला आणि गाडीला किक मारली. भित्रा माणूस कामात असल्याचं सोंग फार छान वठवतो.

सोमवारी पहाटे तो आईला गाडीवरून पनवेलच्या मासळी बाजारात सोडायला गेला. एरवी टोपली उतरवून निघायचा, त्या दिवशी तिच्या फळीशेजारी उकिडवा बसून राहिला. हौसा फळीवर पाणी मारून वाटे लावत होती. खाडीतली बोयटं आली होती. दहा-दहाचा एक वाटा.

"तोंड का पाडलंस?" तिने न बघताच विचारलं.

त्याने सांगितलं. हेतलचं, पाटांचं, टेबलफॅनचं, तळोज्याचं. शेवटी म्हणाला, "आई, दहा कोर हायत त्याच्यात. दहा! काल्यात सहाच व्हते. मंग असं कसं?"

"कोर म्हंजे काय रं?"

"काम करनारे हात समज."

"दहाच्या दहा सारखे?"

लॅपटॉपच्या खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काहीतरी होतं, त्याने कधीतरी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. "नाय," तो आठवत म्हणाला. "दोन मोठे. आठ बारीक. बारीकवाले बॅटरी वाचवायला असतात."

"नि त्या सहामदे?"

"सहाच्या सहा मोठे."

हौसाचे हात थांबले. तिने पोराकडे असं पाहिलं, की तो पाच वर्षांचा असताना खाडीत पडला होता तेव्हाही तिने तसं पाहिलं नव्हतं. मग तिने पुढ्यातल्या एका वाट्यावर बोट ठेवलं. वर दोन टपोरी बोयटं चकाकत होती, खाली आठ बोटभर लांबीची. "आरं दीपेश, मंग हा वाटा हाय. माज्या पोटचा असून तू नग मोजलास?"

"आई..."

"माज्या फलीवर गिऱ्हाइक येतं, पयला हात घालून वाटा पालथा करतं. खाली काय हाय ते बघतं, मंग भाव करतं. तुमच्यात कोनी पालथा करत नाय?"

"नाय. वरचं वाचतात."

"नि ऐक, बारीक बोयटं वाईट नसतात. कालवनाला हीच ग्वाड लागतात. पन तलायला मागितली नि ही दिली, तर त्या बाईनं काय करावं? ती म्हननार, मलाच तलाया येत नाय." हौसाने पुन्हा वाटे लावायला घेतले. तिच्या लक्षातही आलं नाही, पण शेवटचं वाक्य दीपेशने ओळखलं. हेतल नेमकं हेच म्हणत होती.

त्या दिवशी दुपारी शोरूममध्ये गर्दी नव्हती. दीपेशने चंदेरी आणि काळा असे दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले, दोघांनाही चार्जर लावला, हेतलच्या त्याच फाइल दोघांवर टाकल्या आणि एकाच वेळी एक्सपोर्ट सुरू केलं. तीन वर्षं तो हे विकत होता आणि वाटा पालथा करायची ही पहिलीच वेळ होती.

सुरुवातीला चंदेरीच पुढे गेला. दीपेशला वाटलं, सुटलो. तिसऱ्या मिनिटाला त्याचं अंग तापलं आणि चाल मंदावली. एवढ्या सपाट अंगातून वाफ बाहेर जाणार कुठून? जळू नये म्हणून तो आपणच वेग कमी करून घेत होता. काळा मात्र पंख्याचा घोंघाट करत एकाच चालीने चालला होता. एकवीस मिनिटांनी काळ्याचं काम संपलं. तेव्हा चंदेरी निम्म्यावरही नव्हता. त्याला सत्तेचाळीस मिनिटं लागली.

मग दीपेशने रोज ज्याच्याखाली उभं राहून बोलायचा तो फलक पहिल्यांदा वाचला. 'दुप्पट वेग' या शब्दांवर एक चांदणी होती. तिचा अर्थ अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत दिला होता, की ही तुलना याच कंपनीच्या पाच वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपशी आहे, आणि तीही फक्त कागदपत्रं उघडण्याच्या कामात. चौदा तासांवरही चांदणी होती. पडद्याचा उजेड मंद करून एकच व्हिडिओ बघत राहिलं तर चौदा तास. एकही शब्द खोटा नव्हता, आणि एवढं करून हेतल तळोज्याला निघाली होती.

गुरुवारी त्याची सुट्टी होती. संध्याकाळी तो हेतलकडे गेला. हौसाने मासा देऊ केला होता, तो त्याने नको म्हटला. बाहेरच्या खोलीत कमळाकर होता, जनी आजी होती, हेतल चहा घेऊन येत होती. हेतलला एकटीला आत सांगून मोकळं होता आलं असतं. पण तिला जमत नाही हे या घरात सगळ्यांसमोर ठरलं होतं, म्हणून त्याने उभ्यानेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"मी हेतलला चुकीचं मशीन दिलं."

"बिघाडलंय?" कमळाकरने विचारलं.

"बिघाडलं नाय. चांगलं हाय, पन ह्या कामाचं नाय. ती बरोबरवालं मागत व्हती, कागदावर लिवून आनलं व्हतं. मीच आयकलं नाय. तिचं काम मी दोन्ही मशीनवर लावून बघितलं. तिच्यात कायच खोट नाय."

"पन तुमी तर कॉम्प्युटरमदले ना?"

"विकतो," दीपेश म्हणाला. "कलत नव्हतं."

कमळाकरने जमिनीकडे बघितलं. जावयाच्या तोंडून असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. हेतलने ट्रे खाली ठेवला.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मी स्वतःला मठ्ठ म्हणत होते. रविवारी तू समोर बसला होतास. अपडेट मारलास, पेढा खाल्लास आणि गेलास. तेव्हा तुला काहीच कळलं नव्हतं?" साखरपुड्यापासून जपलेलं 'तुम्ही' रागात कुठल्या कुठे गळून पडलं होतं.

इथे खोटं बोलणं सोपं होतं आणि कुणाला कळलंही नसतं. "थोडं कळलं होतं," दीपेश म्हणाला.

"मग?"

"भीती वाटली. मला कळतं म्हणून तर तुमच्या घराने हो म्हटलं. तेच नसेल, तर माझ्याकडे दुसरं आहे काय?"

हेतलच्या रागाने भरलेल्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणासाठी हे तिलाही सांगता आलं नसतं. "गप्प राहिला असतास तर मी सोमवारी गेले असते," ती म्हणाली. "आणि जन्मभर मला वाटलं असतं, की मला जमत नव्हतं."



मग बराच वेळ पुढचं बोलणं झालं. चंदेरी मशीन नवीन पनवेलच्या, शोरूममध्ये चौकशी करून गेलेल्या वसुंधराबाई म्हणून एका निवृत्त शिक्षिकेला हवं होतं, पत्रं लिहायला आणि नातीशी बोलायला. त्यांना आतलं सगळं खरं सांगून द्यायचं ठरलं. काळ्यासाठी हेतलनेच वाट काढली. "आपल्या हळदीला डीजे नको. त्या पैशांत ते मशीन येतं."

कमळाकर खुर्चीतून अर्धा उठला. "डीजेबिगर हलद? गावात तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायची!"

"मी मेलेय का?" जनी आजीने कोपऱ्यातून विचारलं. "मी गाते. बगू कोन नाचत नाय ते." तिच्यापुढे बोलायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. कमळाकर परत बसला.

हेतल आतल्या खोलीत गेली. दीपेश मागोमाग गेला आणि उंबऱ्याशी उभा राहिला. तिने टेबलफॅन बंद केला होता.

"माझं गाणं तू दोन्ही मशीनवर लावलंस?" तिने विचारलं.

"हो. काळ्यावर एकवीस मिनिटं, चंदेरीवर सत्तेचाळीस. दहा मिनिटांनी काळा अठ्ठेचाळीस टक्क्यांवर होता तेव्हा..."

"कसं झालंय?"

"अं?"

"गाणं. कसं झालंय?"

त्या सगळ्या वेळात दीपेश टक्केच बघत होता. त्यामागे काय चाललंय ते त्याने पाहिलंच नव्हतं. त्या एका गाण्याचंच काय, साखरपुडा होऊन तीन महिने होत आले तरी त्याने तिचं एकही काम शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं. मशीन देताना तिला किती कोर हवेत ते त्याने सांगितलं होतं, ती करते काय हे विचारलं नव्हतं.

"बघितलं नाही," तो म्हणाला. मान वर करायची त्याला लाज वाटत होती. "एकही बघितलं नाही, हेतल."

तिने पाटावरचा लॅपटॉप पुढे ओढला आणि गाणं लावलं.

कुणाच्या तरी हळदीचं होतं. दीपेशला वाटलं होतं, नाच असेल, दिवे असतील, हवेत उडणाऱ्या टोप्या असतील. तसं काही नव्हतं. धवले चालू होते आणि पडद्यावर नवरीच्या आईचा हात होता. वाटीत बुडवलेला, हळदीने भरलेला हात मुलीच्या गालाकडे गेला आणि मध्येच थांबला. गालाला लावला तर मुलगी परकी होणार, असं त्या हाताला वाटत असावं. आजूबाजूच्या बाया हसत होत्या, ढकलत होत्या, आणि तो हात तसाच थांबला होता. हेतलने तो कापला नव्हता. बाकी कुणीही कापला असता. मशीन मध्येच अडकत होतं, चित्र थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं. दीपेशला त्याचं भान राहिलं नाही. शेवटी आईने हळद लावली, आणि मुलीने आईचा हात धरून तो आईच्याच गालाला लावला, तेव्हा त्याला समोरचं दिसेनासं झालं. त्याने बाहीने डोळे पुसले.

"हे तू केलंस?"

"हो."

"हेतल, तुला जमतं गं. किती छान जमतं तुला."

"हे दोन महिन्यांपूर्वी ऐकायचं होतं मला," हेतल म्हणाली, आणि मग इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिला आवरेना. दीपेश पुढे होऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसला. रडतारडताच तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि दुसरं गाणं लावलं.